येलदरीच्या बाजारात सुशीलेचा शोध

रत्नागिरीहून माझी एस.टी. सुटेपर्यंत आई खिडकीचा गज धरून उभी होती. "गोड बोल, पण नीट बघून ये कोण आहे ती," हेच पुन्हा पुन्हा. माझा धाकटा भाऊ विनू येलदरीच्या वीजकेंद्रात नोकरीला. त्याला भेटून आलेला शेजारी सहज बोलून गेला, "विनूला रोज बाजारातली सुशीला लागते, तिच्याशिवाय कामावर जात नाही." झालं, आईची झोपच उडाली. पोरगा परस्पर संसार थाटून बसला की काय!

परभणीला उतरले ती परदेशात उतरल्यासारखीच. कंडक्टरला विचारलं तर म्हणे, "येलदरीला जायलाय." म्हणजे जातेय की अजून जायची आहे, मला कळेना. मी आपली चढून बसले.

विनूच्या खोलीला कुलूप, तो ड्यूटीवर. बरंच झालं म्हणत मी बाजार गाठला. ज्वारीच्या राशी, अंबाडीच्या जुड्या, पाटीत धरणातले मासे. मासे असून समुद्राचा वास नाही, त्यानंच मी निम्मी गोंधळले. मिरच्या विकणाऱ्या आजोबांना विचारलं, "सुशीला कुठे भेटेल?"

"त्या लिंबाखाली. लय तिखट असती, पण एकदा चटक लागली की माणूस सोडत न्हाई."

माझे कान तापले. या वयात असं बोलावं माणसानं? मी तरातरा निघाले.

लिंबाखाली, म्हणजे कडुनिंबाखाली, स्टोव्हपाशी एक बाई बसल्या होत्या. "सुशीला तुम्हीच का?"

"मी गयाबाई. सुशीला ही," म्हणून त्यांनी कढई दाखवली. भिजवलेले मुरमुरे (आपले कुरमुरे), कांदा, मिरची, दाण्याचा कूट. "लिंबू पिळू का?"

मी बाकड्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. खाता खाता सगळं सांगून टाकलं. विनूचं नाव येताच गयाबाईंचा हात थांबला.

"तुमी विनूभाऊंच्या ताई? मग मंजूला बघायला आलात व्हय? माझी लेक, शाळेवर शिकवती. घरी सांगितलंय म्हणले ते." जरा थांबून म्हणाल्या, "आमी बौद्ध लोक. तुमच्या आईला चालंल का, ताई?"

माझं हसू कुठच्या कुठे गेलं. घरी अवाक्षरही न सांगणाऱ्या विनूचा असा राग आला की समोर असता तर कान पिळला असता. पण या बाईंना काय सांगू? मी उगाच आणखी एक प्लेट मागितली. त्यांनी ती भरून दिली आणि पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी विनू मंजूला घेऊन आला. दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसली. मला मुलगी आवडली. पण माझ्या आवडण्यानं काय होतंय, आईचं काय, याचा परतीच्या वाटेवर नुसता गुंता होत गेला.

आई रत्नागिरीच्या स्टँडवरच उभी. "पाहिलीस सुशीला?"

"अगं, फोडणीचे कुरमुरे आहेत ते."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, कितीतरी दिवसांनी. हिला असंच हसू द्यावं, असं फार वाटलं. पण गप्प राहिले तर तेच गयाबाईंना माझं उत्तर झालं असतं.

"आई," मी म्हटलं, "तिचं नाव मंजू आहे."