आमच्या दादानं उघडलेलं कुलूप

आमचा दादा चोर नव्हता.

या वयात हे वाक्य लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण लिहिते.

गेल्या आठवड्यात दादा गेला. आज नाशिकला, इंदिरानगरच्या घरीच पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. त्याच्या पहिल्या कंपनीतले एक जुने गृहस्थ आले. फोटोला फूल वाहिलं, चहा घेतला आणि माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "फार हुशार माणूस. ते चोरीचं प्रकरण झालं नसतं तर इथेच साहेब झाला असता."

मी म्हटलं, "साखर लागेल का अजून?"

दवाखान्याचे हेलपाटे घालून इतकी थकलेय. भांडायलाही अंगात जोर लागतो.

सगळे गेले. आता बसून लिहिते.

सत्तरच्या दशकात आम्ही कामगारांच्या कॉलनीत राहायचो. वडील, म्हणजे आमचे तात्या, वर्कशॉपमध्ये फिटर. कॉलनीत कुणीही गावाला निघालं की घराची चावी आमच्याकडे. दारामागे तात्यांनी खिळ्यांची एक रांगच ठोकली होती. पाहुण्यांना घर दाखवायचे ते त्या खिळ्यांपासून.

दादाला लहानपणापासून कुलपांचा नाद. अडकलेलं कुलूप दिसलं की हा मांडी घालून बसलाच.

तात्यांचा नियम ठरलेला. "मालकाला इचारल्याबिगर हात लावायचा नाय. आन् उघडलं की त्याच्यासमोर बंद करायचं."

गणितात बी.एस्सी. झाला. मुंबईला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. ऐंशीनंतर सातपूरच्या एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून चिकटला.

अख्ख्या कंपनीत एक कॉम्प्युटर. त्याला एसी खोली, बाहेर चपला काढायच्या, दसऱ्याला हार.

आई कॉलनीभर सांगायची, "आमचा पोरगा थंडीत बसतो."

सगळ्या कंपनीचा पगार त्या मशीनवर. आणि त्याला एक मुख्य पासवर्ड, जो फक्त साहेबांना माहीत.

दादा त्यांना म्हणाला, "सर, पासवर्ड बदला. कुणालाही ओळखता येईल असा आहे. मग कुणीही कुणाचाही पगार बदलेल."

साहेब हसले. "उघडून दाखव, मग बदलतो."

खोलीत आणखी चार माणसं होती. आमचा दादा एवढा हुशार, पण इथे बावळट निघाला. त्या सगळ्यांसमोर त्यानं टाइप केलं आणि मशीन उघडलं.

पासवर्ड होता श्री. इंग्रजी अक्षरांत.

साहेबांचं हसू तिथेच गेलं.

दुसऱ्या दिवशी मेमो. मग चौकशी. एकच प्रश्न, फिरवून फिरवून. "तुला सांगितला कुणी?"

कुणी नाही, हे उत्तर त्यांना पटेना.

शेवटी दादा म्हणाला, "सर, तुम्ही कोऱ्या कागदावर आधी काय लिहिता? इथे सगळेच लिहितात. हात आपोआप जातो, म्हणून तुमच्या लक्षात येत नाही. आमच्या घरी तशी पद्धत नाही. म्हणून मला दिसतं."

आम्ही बौद्ध. तिथे ते सगळ्यांना माहीत होतं.

पगाराचं सगळं तपासलं. काहीही हललेलं नव्हतं. तरी निरोप आला, माफी माग आणि स्टोअरमध्ये जा, नाहीतर राजीनामा दे.

तात्या म्हणाले, "माग माफी. लय शिकलास म्हणून लय ताठ नको राहू. घर चालवायचं हाय."

दादा एवढंच म्हणाला, "तात्या, मालकाला विचारूनच हात लावला होता."

दादानं राजीनामा दिला.

कॉलनीत बातमी पोचलीच. 'सिस्टीम फोडली'चं दोन गल्ल्या पार करेपर्यंत 'पगार चोरला' झालं.

शेजारच्या काकू आल्या, उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "चावी देता का जरा? जावई येणार हायेत."

ती चावी परत आली नाही. मग आणखी एकीनं नेली. मग तिसरीनं. कुणी वाकडं बोललं नाही. फक्त सगळ्यांचे जावई एकदमच यायला लागले.

तात्यांनी ते खिळे शेवटपर्यंत काढले नाहीत.

दादा पुण्याला गेला, तिथून बंगळूरला. पुढे त्याचा धंदाच तो झाला. कंपन्या त्याला बोलवायच्या, आमची सिस्टीम उघडून दाखवा म्हणायच्या, वर पैसे द्यायच्या. कार्डावर 'सिक्युरिटी' छापलेलं.

तात्यांनी कार्ड उलटसुलट बघितलं. "वॉचमन हायेस का रे?"

"तसंच समजा," दादा म्हणाला.

रिटायर झाल्यावर तो परत नाशिकला आला, माझ्याच बिल्डिंगमध्ये. जुना विषय कधी निघाला नाही. गेल्या महिन्यात दवाखान्यात मीच काढला.

"दादा, राग नाही आला रे तुला त्यांचा?"

"आला होता ना. शेवटच्या दिवशी सामान आवरत होतो. खोलीत मी एकटाच. पासवर्ड टाकून बघितला."

"मग?"

"तोच होता. बदललाच नव्हता."

"म्हणजे उघडलं?"

"उघडलं. साहेबांचा पगार, माझा, सगळ्यांचा समोर होता."

"मग काय केलंस?"

"बंद केलं. चपला घातल्या आणि घरी आलो."

थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाला, "तात्यांना नाही सांगितलं कधी. न विचारता हात लावला होता ना."

चहा पिऊन गेलेले ते गृहस्थ इथे हे वाचत नसतील. कुणाच्या ओळखीचे असले तर एवढं वाचून दाखवा त्यांना.

दादा, तुझ्या खोलीचं दार ओढून घेतलंय. चावी माझ्याकडे आहे.

झोप आता निवांत.

जय भीम.