साडूभाऊंचे सत्तेचाळीस दगड

कार्तिक संपायला चार दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, खोडाळ्याला येणाऱ्या रस्त्याच्या कडेला इंटरनेटच्या केबलसाठी दीड हात खड्डा खणायची परवानगी देवाकडून मिळाली. ठरलेली रक्कम एक नारळ, एक कोंबडी आणि सव्वा रुपया. हजर होते पाड्यावरचा म्हातारा भगत, केबल जोडायला आलेले कंपनीचे दोघे, जनी नावाची मजुरी करणारी बाई, पाड्यातली तीसेक माणसं, मी आणि माझे साडू. हा तपशील मी आधीच देऊन ठेवतो, कारण साडूंबद्दल मी काहीही सांगितलं की ऐकणारा त्यातलं निम्मं वजा करूनच घेतो. तसं करू नये. तारेवर एवढा जीव असलेला माणूस जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नाही. आणि देवापुढे नारळ धरून उभं राहायची वेळ त्या माणसावर यावी, हे तर मी स्वतः पाहिलं नसतं तर मीही निम्मं वजा केलं असतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही एकमेकांना साडूभाऊ म्हणतो. ते टेलिफोनचे लाइनमन होते. डोंगरातल्या वाटेवरचा प्रत्येक खांब त्यांनी चढून पाहिलेला. पुढे घरोघरचे टेलिफोन गेले, खांब गेले, साडूभाऊही निवृत्त झाले. निवृत्त झाली नाही ती त्यांची पक्कड. ती एरवी खांद्यावरच्या पिशवीत असते. माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षतांच्या ऐन वेळी मांडवातले दिवे गेले. साडूभाऊंनी पक्कड काढली, चार मिनिटांत दिवे लावले आणि मग पंगतीत मांडववाल्याच्या वायरमनशेजारी बसायला साफ नकार दिला. "तो माणूस तार नुसती पिळतो, जोडत नाही. अशा माणसाच्या शेजारी मला घास उतरणार नाही," असं म्हणून ते ताट घेऊन सरळ बायकांच्या पंगतीला जाऊन बसले.

मोबाइलचा टॉवर त्यांना मुळीच मान्य नाही. "हवेतून आलेल्या शब्दाला पत्ता नसतो," हे त्यांचं मत. तरी टॉवरच्या नावाने त्यांनी एक वही ठेवली आहे. ती टॉवरच्या सोयीसाठी नाही, त्याच्या चुका टिपून ठेवण्यासाठी. पोशेऱ्याच्या वळणावर आंब्याखाली सिग्नलची एक कांडी, तीही तोंड पश्चिमेला केलं तर, शाळेच्या पायरीवर दोन, पण शाळा सुटल्यावर एक, देवळामागे शून्य. अशी एकशे बारा ठिकाणं त्या वहीत आहेत. कोणाला महत्त्वाचा फोन करायचा असला की तो साडूभाऊंकडे येतो. ते वही उघडून जागा आणि दिशा सांगतात आणि वर म्हणतात, "बघा, ज्या यंत्रासाठी माणसाला आंब्याखाली एका पायावर उभं राहावं लागतं, त्याला प्रगती म्हणतात!" एका पायावर कोणी उभं राहत नाही. पण साडूभाऊंनी सांगितल्यापासून दोघेतिघे राहून बघतात.

त्यांचं स्वतःचं फोनवर बोलणं अंतराच्या हिशेबाने चालतं. मोखाड्याला साध्या आवाजात, नाशिकला जरा चढून, आणि पुण्याच्या मुलीशी बोलायला लागले की शेजाऱ्यांच्या कोंबड्या कौलांवर जातात. लिहितात मात्र तारेच्या भाषेत, शब्द मोजून. मुलीने सहा ओळींचा निरोप आणि चार फोटो पाठवले होते, त्याला यांचं उत्तर : "पोचले. नातू गुटगुटीत. पाऊस बेताचा." सकाळी उठून फुलांची चित्रं पाठवणाऱ्या प्रत्येकाला ते "पोचलं" असं कळवतात, पोच न देणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. बँकेचा सांकेतिक आकडा आला की चष्मा लावून संपूर्ण निरोप मोठ्याने वाचतात, "हा आकडा कोणालाही सांगू नये" या ओळीसकट. एकदा भरलेल्या जीपमध्ये त्यांनी तो वाचला, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "बाबा, आमाला नको ना सांगू, त्यात लिव्हलाय." घरच्या यंत्रांचे पासवर्ड त्यांनी ओटीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले आहेत. मी म्हटलं, साडूभाऊ, चोर वाचेल. तर म्हणाले, "वाचता येत असतं तर तो अर्ज करत बसला असता. चोरी करायला त्याला वेळ कुठे मिळाला असता?"

मुलीने त्यांना समजावलं, की बाबा, तुमचे फोटो आता फोनमध्ये नसतात, दूर कुठेतरी ठेवलेले असतात. यांनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, कुठेही असतील. "कुठेही म्हणजे कुठल्यातरी तालुक्यात असतीलच ना? तिथे वीज किती तास असते?" याचं उत्तर पुण्याहून अजून आलेलं नाही.

मग आमच्याकडे केबल आली. मोखाड्याच्या बाजूने रस्त्याच्या कडेला चर खणून ती पुरत पुरत खोडाळ्याला आणली. त्या चरावर मजुरीला आसपासच्या पाड्यांवरची माणसं होती, त्यात जनीही होती. साडूभाऊ रोज चहाची किटली घेऊन जात आणि चराची खोली वितीने मोजत. केबल आली त्या दिवशी त्यांनी घरात गोड करायला लावलं. पुढे मात्र दर महिन्या-दीड महिन्याला केबल तुटू लागली. कोणी रस्ता रुंद करायला, कोणी पाण्याची नळी टाकायला, कोणी उगाच म्हणून जेसीबी लावी, आणि पंचायतीतल्या डबीवरचे हिरवे दिवे विझत. मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या : पहिल्या वर्षात अकरा वेळा. कंपनीने पाटी लावली, ती शेळ्यांच्या गोठ्याला दार म्हणून गेली. दुसरी लावली, ती पहिल्या दाराची फळी झाली.

तेव्हा साडूभाऊंनी आपला उपाय काढला. दर शंभर पावलांवर एक गोटा, त्याला चुना, आणि वर अंगठ्याएवढा शेंदूर. खोडाळ्यापासून सुरुवात केली आणि गुडघे नको म्हणाले तिथे थांबले. ते सत्तेचाळीस दगड म्हणतात. मी मोजले तेव्हा सेहेचाळीस भरले. सत्तेचाळिसावा एका माणसाच्या खळ्यावर सापडला, त्याच्याकडे त्या वर्षी भात चांगलं झालं होतं. एवढं मात्र खरं, की त्यानंतर दोन वर्षं केबल एकदाही तुटली नाही. जेसीबीवाले दगड दिसला की वळसा घालत आणि जाताना कपाळाला हात लावत. साडूभाऊ मिशीत हसत. "पाटी वाचायला शाळा लागते. शेंदूर वाचायला लागत नाही." फक्त एकतिसावा दगड, जो पाड्याच्या तोंडाशी, केबलच्या जॉईंटवरच आहे, त्याच्यापुढे नारळ दिसू लागले, मग झेंडा दिसला, मग चार कौलांचं छप्पर. साडूभाऊ म्हणाले, "चांगलं आहे, जॉईंट पावसात भिजणार नाही."

जॉईंट भिजायचा तो भिजलाच, खालून. त्या कार्तिकातल्या सोमवारी दुपारी हिरवे दिवे गेले आणि त्याबरोबर खोडाळ्याचा टॉवरही मुका झाला. साडूभाऊ ओटीवर उभे राहून टॉवरकडे बघत म्हणाले, "आता कळलं? वर मिरवत होतास, पण जीभ खालच्या तारेचीच होती ना!" त्यांचा हा आनंद अर्धा तास टिकला. मग जनी दारात आली.

पाड्यावरची निम्मी घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, ती शिमग्यालाच परततात. मुकादमाचा टेम्पो बुधवारी पहाटे यायचा होता. आणि रेशनकार्डावरच्या प्रत्येकाने त्याआधी दुकानातल्या यंत्रावर अंगठा देऊन आपण आहोत हे सिद्ध करायचं होतं, नाहीतर नाव गळणार होतं. यंत्र चालतं नेटवर. मोखाड्याला सगळ्यांनी जायचं तर एक अख्खा दिवस आणि तीन जीपा हव्यात. दोन्ही त्यांच्याकडे नव्हतं.

"माजा नाव गेला तर जाऊ दे," जनी म्हणाली, "पन मी न् माजा मालक दोगांची नावं गेली तर सासूचा तांदूळ एकटीचाच ऱ्हाईल. तिला दिसत नाय, ती कुठं कामाला जाल? दादा, तुमची ती तार जोडा ना."

साडूभाऊंनी कंपनीला बारा फोन केले असतील. त्यासाठी ते मोटारसायकलवर मागे बसून मोखाड्याच्या अलीकडे गेले, वहीतल्या अठ्ठ्याण्णव क्रमांकाच्या जागेवर. मंगळवारी सकाळी दोघे आले. त्यांच्या यंत्राने बिघाडाचं अंतर दाखवलं. साडूभाऊंनी ते पावलांत बसवलं आणि आम्ही चालत निघालो. मला वाटेतच शंका आली होती. अंतर बरोबर एकतिसाव्या दगडाखाली संपलं.

कुदळ वर गेली तशी पाड्यातली माणसं येऊन उभी राहिली. कंपनीच्या दोघांनी कुदळ हळूच खाली ठेवली. "आम्हाला तीनपर्यंत जव्हारला दुसऱ्या बिघाडावर पोचायचं आहे," त्यातला एक म्हणाला, "देवाबिवाचं काय ते तुम्ही बघा." साडूभाऊंनी पिशवी सावरली आणि भगताकडे गेले.

"मामा, हा देव नाही. हा मी ठेवलेला दगड आहे."

"ठावं हाय," भगत म्हणाला. "चुना लावताना निम्मा तुमच्या पँटीला लागला व्हता. आमी नागलीच्या शेतात बसून बघत व्हतो."

"आणि शेंदूर?"

"त्यो बी तुमीच लावला. इकडं तिकडं बघत, चोरावानी."

मागे बायका हसल्या. साडूभाऊंचे कान लाल झाले. "मग नारळ कशाला फोडता?"

"दोन वरीस फोन चालला का नाय? कोनी राखला? तुमी तर खोडाळ्यात घोरत व्हते."

"अहो मामा, खाली काच आहे. केसाएवढी काच. तिच्यातून उजेड जातो, दुसरं काही नाही."

"दगडाखालून उजेड जातो," भगताने सगळ्यांकडे बघत म्हटलं, "आन् हे म्हनतात देव नाय!"

साडूभाऊंनी पिशवीतून पक्कड काढली आणि तशीच परत ठेवली. तीस वर्षांच्या ओळखीत मी हे पहिल्यांदा पाहिलं. भगतच मग मऊ आवाजात म्हणाला, "कोनी ठेवला त्याचा काय नाय, दादा. पाव्हना घरात तुमीच बसवला. आता उठवायचा तर इचारून उठवा. पाय धरून वढता काय?"

नारळ दुकानातून आला. सव्वा रुपयातला रुपया माझा. पाव रुपया आता चालत नाही म्हणून भगताने उरलेला देवाला माफ करायला लावला. कोंबडी मात्र कोणाकडे विकत मिळेना. तेवढ्यात जनी घरी जाऊन आपली तपकिरी कोंबडी काखेत घेऊन आली. "उद्या मी भट्टीवर. हिला तरी कोन बघल?" साडूभाऊंनी नारळ हातात धरला होता आणि ते दगडापुढे उभे होते, वायर कुठे जोडायची ते न कळल्यासारखे. भगत काहीतरी पुटपुटला. कोंबडीच्या डोक्यावर तांदूळ टाकले, तिने अंग झाडलं, आणि भगताने तिला खाली सोडून दिलं. "देवाची झाली. आता कोनी कापायची नाय. ऱ्हाईल म्हातारीकडं. अंडी म्हातारीनं खावी, देवाला काय दात हायत?"

दगड दोघांनी उचलून बाजूला कापडावर ठेवला. "दीड हाताच्या खाली कुदळ नका मारू," जनी वरून सांगत होती, "हा चर मी खनलाय." कंपनीचा माणूस काचेचं टोक काचेला जोडत असताना साडूभाऊ त्याच्यावर छत्री धरून वाकले होते. पक्कड नाही, पीळ नाही, टेप नाही. एक बारीकशी ठिणगी आणि जोड झाला. "झालं?" त्यांनी विचारलं. झालं. त्यांनी मान हलवली. करणाऱ्याला लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवावं असा जोड होता तो.

सव्वा वाजता टॉवर बोलू लागला आणि सगळा पाडा खोडाळ्याच्या दुकानाकडे चालू लागला. संध्याकाळपर्यंत बत्तीसपैकी एकतीस अंगठे उमटले. राहिली जनी. विटांनी तिच्या अंगठ्याच्या रेघा पुसल्या होत्या. यंत्राने तीनदा नाही म्हटलं. दुकानदार म्हणाला, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. साडूभाऊंनी पिशवीतून तारेची टोकं पुसायचं फडकं काढलं, त्यावर थोडं खोबरेल घेतलं आणि जनीचा अंगठा बराच वेळ पुसत राहिले. "टोक साफ केल्याशिवाय जोड बसत नाही," एवढंच म्हणाले. चौथ्यांदा यंत्राने हो म्हटलं. मला वाटतं त्या दुकानात इतक्या मोठ्याने कोणी ओरडलं नसेल. आणि ओरडणारे साडूभाऊच होते, जणू पुण्याला फोन लागला होता.

दगड दुसऱ्याच दिवशी परत जागेवर बसला. चुना साडूभाऊंनी लावला, शेंदूर भगताने. दर रविवारी भट्टीवरून जनीचा फोन साडूभाऊंच्या फोनवर येतो. ठरलेल्या वेळेला ते एकतीसशे पावलं चालत पाड्यावर जातात आणि फोन म्हातारीच्या कानाशी धरतात. त्या दगडाशी मी त्यांना एकदा वाकलेलं पाहिलं, हात जोडल्यासारखे दिसले. विचारलं तर म्हणाले, "जॉईंट बघत होतो."

शेवटी दिलं गेलं ते असं. देवाला सव्वा रुपयातला एक. भगताला नारळ, त्यातली अर्धी वाटी प्रसाद म्हणून माझ्याकडे आली. कंपनीच्या दोघांना चहा. जनीला कोंबडीचे पैसे साडूभाऊंनी देऊन पाहिले, तिने घेतले नाहीत. आणि साडूभाऊंना म्हातारीकडून दर रविवारी एक अंडं मिळतं. ते अंडं खात नाहीत, पण नको म्हणायची त्यांची छाती नाही. फडक्यात गुंडाळून ते पिशवीत ठेवतात. पक्कड त्यासाठी रविवारपुरती खिशात जाते. आणि घरी जाताना ते माझ्या बायकोच्या हातावर ठेवतात. हल्ली त्यांना यायला पूर्वीपेक्षा पाऊण तास जास्त लागतो, वाटेत तीनदा बसतात. गुडघ्यांचं नाही, अंडं जपावं लागतं म्हणून, असं सांगतात.