पत्र्यावरची दोन नावं

नॉर्मन ऑलरेनशॉ उत्तर इंग्लंडातल्या आमच्या कार्लाइलच्या शेडमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा साठीला टेकला होता. मी मालगाड्यांवर ड्रायव्हर होतो आणि सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये हौसेने राबायचो. आम्ही बाराजणांनी मिळून भंगारात निघालेलं एक डिझेल इंजिन सोडवून आणलं होतं. एकसष्ट सालचं, शंभर टनांच्या वरचं, लांब नाकाचं. त्याला पुन्हा मुख्य मार्गावर, नव्या गाड्यांच्या रांगेत पळवायचं हा आमचा हट्ट.

नॉर्मनने इंजिनाभोवती एक फेरी मारली, एका जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे आमच्याच कारखान्यातलं. डझनावारी बांधली असली. हा जोड बघ, सोमवारी सकाळी पेंगत मारलेला दिसतोय."

त्या दिवसापासून तो दर शनिवारी यायचा. हातात कसब होतं त्याच्या. जे पंप आम्ही तीनदा खोलून बसवले तरी गळायचे, ते त्याने एकदा बसवले की विषय संपायचा.

त्याची बहीण डोरीन मात्र शेडच्या फाटकाच्या आत कधी आली नाही. जेवणाचा डबा फाटकावरच ठेवून जायची. एकदा मी तिला म्हणालो, "बाई, आत या की, चहा तरी घ्या."

"ज्याने माझा नवरा खाल्ला त्याच्या सावलीत चहा?" ती म्हणाली. "नको रे बाबा."

नॉर्मनने मग सांगितलं. डोरीनचा नवरा एर्नी पिकप हा नॉर्मनचा कारखान्यातला जोडीदार. ड्रायव्हरला आवाज आणि उष्णता लागू नये म्हणून इंजिनाच्या पत्र्यांना आतून ॲस्बेस्टॉसचं अस्तर द्यायचे. दोघं नळीने ते फवारायचे. निळसर, कापसासारखं. जेवणाच्या सुट्टीत त्याचे गोळे करून एकमेकांना मारायचे, बर्फात खेळावं तसे. "एर्नीचा नेम फार चांगला," नॉर्मन म्हणाला, आणि बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला.

त्र्याऐंशी साली एर्नी गेला. छातीत पाणी भरायचं, शेवटी खुर्चीत बसूनच झोपायचा. अस्तराच्या त्या धुळीनेच छातीत कर्करोगाची गाठ झाली, असं डॉक्टर म्हणाले. पण कारखान्याने कागद दाखवले. एर्नी पिकप हा रंगकाम विभागातला, फवारणीच्या शेडमध्ये त्याने कधी पाऊल टाकलं नाही. नॉर्मनने साक्ष द्यायची तयारी दाखवली, तर म्हणाले, तुम्ही पडलात त्याचे मेहुणे. डोरीनने कारखान्याला पत्रांवर पत्रं लिहिली. "चूक झाली एवढं म्हणा" हीच तिची मागणी. कुणी म्हणालं नाही.

"मग तू या इंजिनाला का जीव लावतोस?" मी विचारलं.

"इंजिनाने काय केलंय? ज्यांना माहीत होतं आणि जे गप्प बसले त्यांनी केलं," तो म्हणाला. "आणि एर्नीने आयुष्यात बनवलेलं आता उरलंय काय? हेच की."

मुख्य मार्गाचा परवाना हवा तर आतलं सगळं जुनं अस्तर काढायला हवं होतं. दोन हजार दोनच्या वसंतात त्या कामातली माणसं आली. इंजिनाभोवती प्लास्टिकचा तंबू ठोकला. पांढरे पोशाख, तोंडावर मुखवटे, नळीतून येणारी स्वच्छ हवा. नॉर्मन लांब उभा राहून बघत होता. "आम्हाला साधा रुमाल दिला नव्हता रे कुणी," एवढंच बोलला.

चौथ्या दिवशी त्यांचा मुकादम बाहेर आला. "तुमच्यात ऑलरेनशॉ कोण?"

नॉर्मनने हात वर केला.

"तुमचं नाव आहे आत."

ड्रायव्हरच्या खोलीमागचा पत्रा धुतल्यावर अस्तराखालून मेणखडूची अक्षरं निघाली होती. 'ई. पिकप, एन. ऑलरेनशॉ, फवारणी शेड तीन, १४ फेब्रुवारी १९६१.' मुकादमाने तंबूच्या खिडकीतून फोटो दाखवला. नॉर्मन खाली बसला. "सगळेच लिहायचे," तो म्हणाला. "अस्तर मारण्याआधी. मी साफ विसरलो होतो."

मुकादमाने फोटोंवर सही करून दिली. तो परका माणूस, त्याला कुणाचा मेहुणा कोण म्हणणार? ते फोटो डोरीनच्या वकिलाने कारखान्याच्या वारस कंपनीकडे पाठवले. सात महिन्यांनी उत्तर आलं. एर्नी पिकप यांनी फवारणीच्या शेडमध्ये काम केलं होतं आणि त्यांचा मृत्यू त्या कामामुळे झाला, हे कंपनी मान्य करते. डोरीनने ते पत्र फाटकावर आणून आमच्यासमोर वाचलं. मग घडी घातली, उघडलं, पुन्हा वाचलं.

"वीस वर्षं लागली यांना एक ओळ लिहायला," ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात नॉर्मनला जिना चढताना दम लागू लागला. काय आहे ते त्याला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

इंजिनाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा सगळे म्हणाले, एर्नीचंच देऊ. नॉर्मन डोरीनला विचारायला गेला.

"नाही," ती म्हणाली. "कागदावर त्याचं नाव आलं, बस झालं. त्या लोखंडावर नको."

"पण पोरी, मानाचीच गोष्ट आहे ती."

"तुझ्यासाठी असेल."

नॉर्मनने वाद घातला नाही. इंजिन बिननावाचंच राहिलं.

दोन हजार चारच्या मे महिन्यात आम्ही नऊ डबे जोडून कार्लाइलहून दक्षिणेकडे निघालो. इंजिन मी चालवत होतो. नॉर्मन प्राणवायूची बाटली घेऊन पहिल्या डब्यात बसला होता, आणि शेजारी डोरीन. ती आपणहून आली होती. शॅपचा चढ लागला तशी मी सगळी ताकद लावली. बाराही सिलिंडर एका दमात बोलत होते, आवाज डोंगराला लागून परत येत होता. डब्यात काय झालं ते मला नंतर डोरीनने सांगितलं. नॉर्मनने खिडकी उघडायला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसला.

"किती ओरडतंय हे," ती म्हणाली.

"ओरडत नाही, ओढतंय," तो म्हणाला. चढ संपेपर्यंत त्याने तिचा हात धरून ठेवला होता.

ऑक्टोबरमध्ये नॉर्मन गेला. त्याचं प्रेत नेलं त्या सकाळी मी त्याच इंजिनावर होतो. पानगळीत रुळांवर पानांचा चिकटा बसतो आणि चाकं घसरतात, म्हणून रूळ धुणारी गाडी ओढायचं काम आम्हाला मिळालं होतं. बदली ड्रायव्हर मिळाला नाही. पेनरिथपर्यंत बारीक पाऊस होता.

डोरीन आता शनिवारी शेडमध्ये येते. आम्हाला चहा करून देते, कुणी पाय न पुसता आत आलं तर खडसावते. इंजिनात मात्र अजून चढलेली नाही, आणि आम्हीही तिला कधी 'चढा' म्हणत नाही.