टर्बाइनमामांची झोप

आवाजानं माणसाची झोप मोडते. आमच्या टर्बाइनमामांची आवाज थांबल्यावर मोडायची. आईचे हे भाऊ. सगळी नोकरी घाटातल्या एका धरणाच्या वीजघरात, यंत्रांच्या घरघरीत काढली आणि निवृत्तीनंतर जळकोटला आमच्याकडं आले. खाट टाकली ती थेट स्वयंपाकघरात, फ्रीजला डोकं लावून. दुपारी लाईट जाऊन फ्रीज गप्प झाला, की मामा ताडकन उठून बसायचे.

उन्हाळ्यात लाईट जायचीच. घामानं चिंब होऊन मी त्यांच्यावरच तडकायचो, जणू बटण त्यांच्या उशाखाली आहे.

"धरणात पाणी न्हाय, तर म्या काय टर्बाइनचं चक्र फुंकर मारून फिरवू व्हय?"

माझ्या लेखी लाईट खांबावरून यायची आणि पाणी टँकरनं. दोन्हींचं नातं माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

पावसाळ्यात तरी माणसानं खूश राहावं? हल्ली पाऊस दडी मारून बसतो आणि मग एकदमच ओततो. टीव्हीवर धरणाचे दरवाजे उघडलेले दिसले, की आम्ही टाळ्या पिटायचो नि मामा तोंड फिरवायचे. "चक्र न फिरवताच चाललं की रं सगळं पाणी! वर्षाचं जेवण एकदम वाढलं तर कुणाच्या पोटात मावंल?"

"मामा, पाऊस नसला तरी रडता, असला तरी रडता," बायको म्हणायची.

"सूनबाई, त्याला येळंवर पडू द्या, मग हसतो की!"

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी हट्टच धरला, एकदा मशीनजवळ डोळा लागू दे. पहाटे निघून नेलं. दुपारी पोचलो, तर वीजघर गप्प. त्यांच्या हाताखाली तयार झालेले तिथले साहेब संकोचून म्हणाले, "दिवसा बंदच ठेवतो, काका. थोडंच पाणी उरलंय. संध्याकाळी सगळीकडं दिवे लागले, की जरा वेळ चालवतो."

बाहेरच्या बाकावर थांबलो. दिवेलागणीला पायाखाली जमीन थरथरली, घरघर सुरू झाली आणि भिंतीला टेकलेले मामा बघता बघता घोरू लागले. मी चहा आणला. तो निवायच्या आत मशीन थांबलं. मामांनी डोळे उघडले. "झालं?" एवढंच म्हणाले.

घरी येताच त्यांनी खाट फ्रीजपासून ओढून ओसरीवर नेली.

"तिथं झोप लागंल का तुम्हाला?"

"गप्पची सवय करायला पायजे, लेका."

सवय काही लागली नाही. नुसते पडून राहायचे. पावसाळ्यात मामा गेले.

आता दुपारी फ्रीज थांबला, की ताडकन उठून बसतो तो मी. "धरणात पाणी नसेल," म्हणतो. बायको पूर्वी हसली असती. आता तीही थांबलेल्या पंख्याकडं बघत पडून राहते.