मायचा अर्धा सिनेमा

माझ्या मायनं आयुष्यात अर्धा सिनेमा पाहिला. उरलेला अर्धा तिनं पाहिला नाही, त्याला मी जबाबदार आहे.

मी तेव्हा तेलंगणातल्या भैंशाला मराठी शाळेत इतिहास शिकवत होतो. (शाळा सुटल्यावरही थांबत नव्हतो, असं माझी बायको सुमन सांगते.) माय भीमपूरकडच्या आमच्या गावी राहायची. जन्मभर लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं मला मास्तर केलं आणि पोटाचं दुखणं अंगावर काढलं. मी तिला भैंशाला आणलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आता त्यांना जे हवं ते करू द्या," एवढंच ते म्हणाले.

मी मायला विचारलं, "माय, काय पाह्यजे तुले?"

"बापू, मले ते टाकीजच्या पाटीवरचे घोडे पाह्यचे हायेत. हालतेत म्हणे!"

सिनेमा होता सुलतानाविरुद्ध उठलेल्या एका मेंढपाळाचा. हे बंड आमच्या हैदराबादहून छापून येणाऱ्या पुस्तकात साडेतीन ओळींत होतं. उठला, लढला, पकडला, किल्ल्याच्या दारात मारला. आणि सिनेमा तीन तासांचा! एवढा इतिहास यांनी आणला कुठून, या चिंतेनं माय आणि सुमनला घेऊन दुपारच्या खेळाला निघतानाच मी तापलो होतो.

सिनेमा तेलुगूत. मायचं तेलुगू बाजारापुरतं. त्यामुळे अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. (इथंच घात झाला.)

"काय म्हणून राह्यला तो?"

"तो म्हणते, सुलतानाले दाणा देणार नाही. पण माय, त्याच्या दंडाकडं पाह्य! देवीच्या लसीचा वण! ही लस यायला अजून तीन-चारशे वर्षं होती!"

"मंग त्याले देवी निंगाल्या असतीन, बापू."

पुढं बंडवाले जंगलात जेवायला बसले. भाकरीवर लालभडक ठेचा. मी खुर्चीतच उसळलो. "मिरची? मिरची तर या देशात आलीच नव्हती!"

"अगं माय! मंग भाकर कायसंगं खात होते बिचारे?"

मी आवाज चढवून मिरची कोणत्या जहाजातून आली ते सांगू लागलो. पलीकडून सुमननं कोपर मारलं. "अवो, हळू बोला. शाळा नोय हे!"

इंटरवलनंतर मेंढपाळ पकडला गेला. इकडे त्याची म्हातारी आई गावच्या वेशीत त्याची वाट पाहत उभी. माझ्या मायनं पदराचा बोळा तोंडात धरला. आणि तेवढ्यात त्या पठ्ठ्यानं साखळदंड तोडले, घोड्यावर मांड टाकली आणि किल्ल्याच्या तटावरून थेट खंदकापलीकडे उडी घेतली! शिट्ट्यांनी छत उडायची वेळ आली. घोडा अजून हवेतच होता, आणि मी उभा राहिलो.

"खोटं! साफ खोटं! हा माणूस इथंच मरतो!"

"कूर्चोंडि सार!" मागून कोणीतरी तेलुगूत बसायला सांगितलं. दुसऱ्यानं तेच मराठीत सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. दारवाला बॅटरी घेऊन आला. "मास्टरसाब, बाहर चलो. पब्लिक का दिमाग खराब हो रा." मी त्यालाही पुस्तकाचा पान नंबर सांगितला. त्यानं माझा दंड धरला.

माय उठली. पोराला धरून नेताहेत म्हटल्यावर ती बसेल कशी? उलट्या पावलांनी चालत, नजर पडद्यावर ठेवून, ती दारापर्यंत आली.

रिक्षात तिनं विचारलं, "बापू, घोडा पल्ल्याड पोचला का?"

"सिनेमात पोचला असंल. खरं म्हणजे त्याले दारातच मारलं."

मायनं वळून मागं टॉकीजकडं पाहिलं. संध्याकाळी तिनं ताट बाजूला सारलं.

"जेव न, माय."

"तिचं पोरगं गेलं, अन् मी जेवू?"

"अवं, पाचशे वर्षं झाली त्याले!"

"तिले कोणी सांगतलं का पण? का तशीच उभी राह्यली वेशीत?"

सुमन (सासूला ती मामी म्हणायची) मला आत ओढून म्हणाली, "उद्या मामीले परत टाकीजले न्या. अन् तुमी भायेरच बसा." पण दुसऱ्या दिवशी टॉकीजवर नवी पाटी चढलेली. सिनेमाची रिळं पुढच्या गावी, निर्मलला गेली होती. आठ दिवसांनी माय अंथरुणाला लागली.

शेवटच्या दिवसांत ती अधूनमधून तेच विचारायची. "बापू, त्या म्हातारीचं काय झालं?"

आणि मी काय सांगितलं? "माय, इतिहासात तिचा उल्लेखच नाही."

पुराव्यानिशी सांगितलं! 'पोरगा घरी आला' एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. ती गेली तेव्हा शेतांत कापूस फुटला होता.

पुढच्या वर्षी तोच सिनेमा भैंशाला परत लागला. सुमन मला घेऊन गेली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. घोडा पल्याड पोचला. मेंढपाळ वेशीत आला. म्हातारीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, त्याला घरात नेलं आणि त्याच्यासमोर ताट ठेवलं.

मला काही दिसेना. सुमननं पदर पुढं केला. "रडता काऊन? असं झालंच नोयतं न?"

"नोयतं झालं," मी म्हणालो, आणि असा काही हंबरडा फोडला की पुढच्या रांगेतला माणूस वळून ओरडला, "ओ मास्तर, रडायचं असंल तं भायेर जा न! सिनेमा आयकू द्या!"