ताईचा डावा हात

खटपट्याला आज ताईचा भयंकर राग आला होता. खटपट्या हे त्याचं घरातलं नाव. लहानपणी घरातलं एकही घड्याळ त्याने धड ठेवलं नव्हतं. पुढे इंजिनियर होऊन तो हात गमावलेल्यांसाठी विजेवर चालणारे हात बनवू लागला. त्यातला सगळ्यात गुणी हात त्याने अपघातात डावा हात गेलेल्या सख्ख्या बहिणीला दिला होता. कोपराखालच्या स्नायूंना नुसता ताण दिला की बोटं उघडत, मिटत. अंडं उचललं तरी तडा जात नसे. बघणारे तोंडात बोटं घालत.

आणि ताई? व्हिडिओ कॉलवर बघावं तेव्हा तिची डावी बाही रिकामी. "बाळाचं आवरलं की घालते रे," हे ठरलेलं पालुपद. त्याने पकड हलकी केली, बोटांना मऊ रबर चढवलं, मनगट फिरतं केलं. दरवेळी ताई "छान झालंय हं" म्हणे आणि बाही पुन्हा लोंबकळतेच. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. वर्कशॉपच्या दारात गरजूंची रांग आणि बाईसाहेबांचा हात धूळ खातोय! आज तो परत घेऊनच यायचा, असं ठरवून भर दुपारी तो तिच्याकडे गेला.

खिडकीतून त्याला बघून ताईने बेल वाजायच्या आत दार उघडलं. "हळू! आत्ताच झोपलीय."

"हात कुठाय?" त्याने कुजबुजतच दम भरला. "वापरायचा नसेल तर देऊन टाक."

"कोण म्हणतं वापरत नाही?"

तिने त्याला आतल्या खोलीत नेलं. पलंगावर भाची गाढ झोपली होती. तिच्या डोक्याखाली तो हात होता, बोटं तिच्या खांद्याभोवती वळलेली.

"अगं, उशी आहे का ती?"

"मग काय करू? हातावरच झोपते ती. बोटं उघडली की हा किरकिरतो, ही जागी होते, की पुन्हा माझ्या येरझाऱ्या. म्हणून हात राहू देते आणि मीच त्यातून निघते."

"किरकिरतो? काहीतरीच! रोज ऐकतो मी."

"त्या तुझ्या वर्कशॉपात?"

"मग सांगायचं नाहीस?"

"एवढा जीव टाकून करतोस. नावं ठेवायचं जिवावर आलं रे."

खटपट्या हट्टाला पेटला. वाकून त्याने मनगटावरचं बोटं उघडायचं बटण दाबलं.

त्या शांत खोलीत भिंतीला ड्रिल लावल्यासारखा आवाज झाला. दिवसभर ग्राइंडर आणि पंख्यांच्या गोंगाटात काम करणाऱ्या खटपट्याने तो आज पहिल्यांदाच ऐकला. भाचीने डोळे उघडले, मामाकडे एकदा पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"सुटला एकदाचा," म्हणत ताईने हात उचलून कोपराखाली चढवला. "मी कपड्यांच्या घड्या घालते. तू बस झोपवत."

खोलीभर फेऱ्या मारून मारून त्याची पाठ भरून आली, दंड अवघडला. अखेर भाची पेंगली, तिचं डोकं त्याच्या कोपरात जड झालं. तो श्वास रोखून पलंगाकडे वाकला. तेवढ्यात बाहेर ताईने टॉवेल उचलला, हात किरकिरला आणि भाचीच्या पापण्या थरथरल्या.

"ताई," तो रडवेला होऊन कुजबुजला, "काढ ना गं तो हात!"