पुष्पलताच्या गाळणीचा अर्धा फेरा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाहुणा आला की घरातलं बरं ते त्याच्या पानात वाढतात. घरात बरं काही नसलं तर शेजारच्या घरातलं बरं आणून वाढतात. पुष्पलता झुगरेच्या आयुष्याला जे वळण लागलं ते या चांगल्या सवयीमुळे, आणि तेही मातीच्या बाबतीत.

पुष्पलता मूळची सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची. शेतकीची पदविका घेऊन ती जव्हारच्या एका संस्थेत माती तपासायला लागली. शेतकऱ्यांनी शेतातली माती पिशवीत भरून आणायची, पुष्पलताने ती तपासून जमिनीला काय कमी आहे ते सांगायचं, असं साधं काम. पण पहिल्याच हंगामात तिच्या लक्षात आलं की कागदावर हा सगळा डोंगर पोटॅशची खाण निघतो आहे. ज्या उतारावर नागली गुडघ्याच्या वर येत नाही, तिथली मातीसुद्धा पोटॅशने श्रीमंत.

त्यातलीच एक पिशवी घेऊन ती थेट वांगणीला, ती माती आणून देणाऱ्या मंगळीमावशीकडे गेली.

"मावशी, ही माती कुठली?"

"राबाची."

राब म्हणजे रोपं करायची जागा. उन्हाळ्यात तिच्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून ती भाजतात. त्या मातीत माती कमी आणि राख जास्त, मग पोटॅश निघणार नाही तर काय होईल?

"मी वरच्या उताराची मागितली होती ना?"

"ती कशी देऊ? नुसते दगडगोटे. चार माणसांत न्यायची माती हाय का ती?"

परीक्षेला पोराला तेल लावून, भांग पाडून पाठवतात, तशी सगळी गावं पुष्पलताकडे आपली माती नटवून पाठवत होती. तिने समजावून पाहिलं. लोकांनी माना डोलावल्या आणि पुढच्या खेपेला राबाच्या अगदी मधली, आणखी चांगली माती आणली. तेव्हा तिने ठरवलं की मातीला बोलवायचं नाही, आपणच तिच्याकडे जायचं. तपासणीच्या बाटल्या पाठीवरच्या पिशवीत भरून ती उतारावर चढायला लागली.

आता शेतात माती तपासायची म्हणजे ती औषधाच्या पाण्यात ढवळायची, पाणी गाळून घ्यायचं आणि त्याला कुठला रंग चढतो ते बघायचं. पाणी स्वच्छ असेल तरच रंग खरा. आमच्याकडची लाल चिकणमाती मात्र गाळणीच्या कागदावर अशी बसते की सासुरवाडीला आलेल्या रुसक्या जावयासारखी उठायचं नाव घेत नाही. थेंब पडायचा, मग विचार करायचा, मग दुसरा पडायचा. बांधावर उकिडवा बसलेला शेतकरी पहिली बिडी संपेपर्यंत कौतुकाने बघायचा. दुसरी संपली की म्हणायचा, "बाय, चहा गाळायला एवढा वेळ लागला तर पाहुणा उठून जाईल गं." आणि स्वतःच उठून जायचा.

यावरचा तोडगा तिला सापडला माहेरी. तिचा बाप जिवा पावसाळ्यात ओहोळात लावायचे मासे धरायचे पिंजरे विणतो. बांबूच्या कामट्यांचा लांबोडा पिंजरा, आणि तोंडाशी आत वळलेल्या कामट्यांचा शंकू. मासा आत शिरताना कामट्या वाकतात, तो आत गेला की मिटतात. बाहेर यायची वाट बंद. पुष्पलता लहानपणापासून ते बघत आली होती. त्या दिवशी तिला त्यात माशाऐवजी गढूळ पाणी दिसलं.

तिने हातभर लांबीची पारदर्शक नळी घेतली आणि तिला पिचकारीसारखा दांडा बसवला. तोंडाशी प्लास्टिकच्या पट्ट्यांचा तसाच शंकू केला. दांडा ओढला की खडे बाहेर राहून गढूळ पाणी आत येतं. दाबला की पट्ट्या मिटतात आणि पाणी मुकाट बाजूच्या गाळणीतून बाहेर पडतं. तरी गाळणी तुंबायचीच. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी तिने आत अशी बसवली की दांड्याच्या मुठीला अर्धा फेरा दिला की ती गाळणीच्या अंगावरून फिरते आणि साचलेला थर खरवडून काढते. दाबा, फिरवा, दाबा, फिरवा. शेतकऱ्याची पहिली बिडी विझायच्या आत नितळ पाणी हातात.

हे यंत्र घेऊन ती एका कृषी प्रदर्शनात बसली. तिथे छान कपड्यांतला एक गृहस्थ आला. त्याने तोंडभर कौतुक केलं, यंत्राचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि जाता जाता आपल्या वितीने नळी मोजून घेतली. फोटोचं कुणाला काही वाटलं नाही, पण वीत लावलेली संस्थेतल्या चंदनाताईंना खटकली. चंदनाताई हिशेब बघतात आणि माणसंही बघतात. म्हणाल्या, "उद्या हाच डब्यात घालून आपल्यालाच विकायला आणील. तू पेटंट घे."

पेटंटचं काम गौतमकडे गेलं. गौतम जव्हारचाच, ठाण्याला पेटंटचे अर्ज लिहितो. स्वभावाने उमदा आणि बोलायला वकिली. पुष्पलता यंत्र कसं चालतं ते सांगत गेली, तो इंग्रजीत लिहीत गेला. शेवटी ती म्हणाली, "आणि हेही लिहा गौतमदादा, की हा शंकू आमच्या पिंजऱ्याचा आहे. माझ्या बापाकडून शिकले."

"कशाला?"

"आमच्यात रीतच आहे. दुसऱ्याच्या पिंजऱ्यातला मासा काढायचा नाही. वीण मात्र कुणीही कुणाची उचलावी, फक्त कुणाची आहे ते सांगावं. नाही सांगितलं तर लोक नावं ठेवतात."

आता पेटंटचा अर्ज म्हणजे 'हे माझ्याआधी कुणी केलं नाही' असं शपथेवर सांगणं. त्या अर्जात आपणहून 'माझ्या आधी बापाने केलं, तोही छान करतो' असं लिहिणारी बाई सगळ्या देशात एकच निघाली असती, आणि ती मोखाड्याचीच निघाली असती. गौतमने तिला समजावलं, मग कंटाळला आणि ते वाक्य मधल्या कुठल्याशा पानावर टाकून दिलं. म्हणाला, "राहू दे. एवढं सगळं कोण वाचतंय?"

पेटंट कार्यालयातल्या परीक्षकांनी वाचलं. त्यांनी सगळंच वाचलं होतं. परदेशातल्या एका जुन्या गाळण-पंपाचा दाखला काढून त्यांनी हरकत घेतली, तिला गौतमने लेखी उत्तर दिलं आणि ते पुरलं. दुसरी हरकत मात्र अर्जातूनच उचललेली होती. पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. अर्जदार स्वतःच म्हणते की यंत्राचा मुख्य भाग तिच्या भागातला परंपरागत पिंजरा आहे. तरी खुलासा करावा. सुनावणीची तारीख लागली.

गौतम जव्हारला आला. चेहरा असा की जणू त्याचाच पिंजरा वाहून गेलाय.

"ताई, आता एकच करायचं. साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, साम्य फक्त दिसण्यापुरतं आहे. मासा वेगळा, माती वेगळी, काम वेगळं."

"पण ते खोटं आहे."

"खोटं नाही, त्याला युक्तिवाद म्हणतात."

"शंकू तोच आहे, दादा. त्यावर कागद घेतला तर उद्या कुणी पोरीनं बापाचा बघून असलं काही केलं, तर तिनं मला विचारायचं का?"

"आणि शंकू सोडला तर तुमचं उरतं काय? एक रबराची पट्टी. तेवढ्यावर नाही मिळालं तर सगळंच जाईल. मग तो वितीवाला आहेच, डबे घेऊन तयार."

चंदनाताईंनी चहा पुढे केला, तो पुष्पलताने घेतला नाही. तिच्याबाबतीत ही गंभीर गोष्ट समजायची. तिला ते यंत्र हवं होतं. उन्हात कित्येक उतार चढून, कित्येक नळ्या फोडून ते जमलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीला तिचं नाव लागायची वेळ आली होती, आणि ती घालवायची भीती तिला इतर कुणाहीइतकीच होती.

सुनावणी व्हिडिओवर होती. मोखाड्याकडच्या नेटवर्कचा भरवसा म्हणजे उन्हाळ्यातल्या सूर्यमाळच्या झऱ्याचा भरवसा, म्हणून ती संस्थेच्या कार्यालयातच ठेवली. तिचे वडील जिवाबा सकाळच्या एसटीने आले, नवा पिंजरा काखेत मारून. सरकारसमोर जायचं तर जुना कसा न्यायचा, म्हणून मुद्दाम विणलेला. गौतमने त्यांना पडद्यावर दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसवलं आणि पिंजरा टेबलाखाली सरकवला.

पडद्यावरचे अधिकारी शांत, वयस्कर गृहस्थ होते. चष्मा पुसून त्यांनी गौतमचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग मराठीतच विचारलं, "पुष्पलताबाई, तुमच्या वडिलांच्या पिंजऱ्यातला शंकू आणि हा शंकू, यांत फरक काय?"

गौतमने तिच्याकडे पाहिलं. तिने यंत्राकडे पाहिलं.

"काही नाही, साहेब. तोच आहे."

गौतमला खोकला आला. खोकल्याने काम होईना तेव्हा त्याने पाण्याचा ग्लास उचलला.

"शंकू माझा नाही," पुष्पलता म्हणाली. "तो अर्जातून काढला तरी चालेल. आमच्या बापाचा आहे."

"माझा पण नाय," कोपऱ्यातून आवाज आला.

"कोण बोललं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जिवाबा पिंजऱ्यासकट पडद्यासमोर आले आणि रामराम करून म्हणाले, "मी आमच्या पाड्यावरच्या फागूच्या बापाचा बघून शिकलो, साहेब. त्यानं कुणाचा बघितला ते तो मरताना नाय बोलला."

अधिकारी हसले. "म्हणजे पूर्वज्ञान मागे मागेच चाललंय." मग पुष्पलताकडे वळून म्हणाले, "शंकू सगळ्यांचा, हे ठीक. मग यात तुमचं स्वतःचं काय आहे?"

तिने यंत्र लाल गढूळ पाण्यात बुडवलं. दांडा ओढला, दाबला, मुठीला अर्धा फेरा दिला, पुन्हा दाबला. खालच्या काचेच्या पेल्यात नितळ पाणी उतरलं.

"हे फिरवणं," ती म्हणाली. "गाळणी तुंबायची म्हणून केलं."

"असं फिरवणं पिंजऱ्यात कधी करतात का?" हा प्रश्न जिवाबांना होता.

जिवाबांना तो अपमान वाटला. "पिंजरा फिरवायचा? लावलेल्या पिंजऱ्याला हात नाय लावायचा, साहेब. फिरवला तर कामट्या उघडतात, मासा सुटतो. असलं येडं काम कोण करील?"

"जाणकार माणूस करणार नाही?"

"जन्मात नाय. हिलाच सुचतं असलं. लहानपणापासून हिचं असंच हाय, केलेलं फिरवून बघायचं. किती ओरडलो हिच्यावर."

अधिकारी खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिले. जिवाबांना वाटलं आपण पोरीचं काम बिघडवलं. ते पिंजरा घेऊन हळूच मागे सरकले. गौतमच्या चेहऱ्यावर मात्र पहाट व्हायला लागली होती. जी गोष्ट त्या कामातल्या जाणत्या माणसाला सुचली नसती, उलट त्याने वेडेपणा म्हणून टाकून दिली असती, तीच कायद्याच्या लेखी खरी कल्पकता. "काका," तो नंतर म्हणाला, "हेच सांगायला मी पानंच्या पानं लिहिली होती. तुम्ही शिव्या घालून सांगितलंत."

"शिव्या कुठं घातल्या? समजावलं," जिवाबा म्हणाले.

अर्ज सुधारायला मुदत मिळाली. शंकू मागणीतून, म्हणजे 'एवढं माझं' म्हणून सांगितलेल्या यादीतून, काढायचा, फक्त फिरत्या पट्टीने गाळणी साफ करायची रचना ठेवायची. गौतमने नवीन मसुदा आणला तेव्हा अर्जाची मागणी दुष्काळातल्या म्हशीसारखी रोडावली होती. सही करताना पुष्पलताचा हात शंकूच्या काट मारलेल्या ओळीवर थोडा थांबला. एवढी सुरेख गोष्ट आपली नाही असं लिहून द्यायला कुणालाही जड जातं. मग तिने सही केली आणि विचारलं, "बापाचं वाक्य आहे ना आत?"

"आहे," गौतम म्हणाला. "आता फागूच्या बापाचंही टाकलंय. कोण वाचतंय असं मी पुन्हा म्हणणार नाही."

पेटंट मिळालं. चंदनाताईंनी पेढे वाटले. वितीवाल्या गृहस्थांचा एकदा संस्थेत फोन येऊन गेला, फिरवायचा भाग सोडून बाकीचं करता येईल का म्हणून. पुष्पलताने सांगितलं, खुशाल करा, पण कुणाची वीण आहे ते डब्यावर लिहा. फिरवल्याशिवाय ते पाणी नितळ येत नाही हे त्यांना कळलं असावं. पुन्हा फोन आला नाही.

परवा ती वांगणीला मंगळीमावशीच्या वरच्या उतारावर बसली होती. मावशीने आता दगडगोट्यांची माती दाखवायला हरकत घेतली नव्हती, फक्त आधी त्यातले मोठे दगड वेचून बाजूला रचून ठेवले होते.

"सरकारनं काय दिलं गं तुला?" मावशीने विचारलं.

"हे फिरवायचं दिलं."

"नुसतं फिरवायचं?"

"नुसतं."

मावशीने यंत्र हातात घेतलं. पुष्पलता जशी करते तसं ओढलं, दाबलं, मूठ फिरवली. पाणी उतरलं, स्वच्छ. मावशीने ते उन्हात धरून बघितलं, मग मूठ आणखी एकदा फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"बरं हाय. पण जरा जड फिरतंय. आम्हा म्हाताऱ्यांचं मनगट दुखायचं यानं."

पुष्पलताने यंत्र परत घेतलं, स्वतः दोनदा फिरवून बघितलं आणि बांधावर बसल्या बसल्या मूठ खोलायला घेतली.